कच्चं शूटिंग पुसू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, धंदा व्हिडिओ मिक्सिंग, सध्या निवृत्त असं लोक म्हणतात, हे मृत्युपत्र माझ्या मिक्सिंगच्या खोलीत, माझ्याच टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. चिरंजीवांनी दोनदा प्रयत्न करून पाहिला, तो कसा फसला ते पुढे येईलच. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. यापूर्वी चार वर्षांमागे मी रागाच्या भरात एक मृत्युपत्र केलं होतं. ते रद्द समजावं. सगळ्यांची पूर्ण नावं आणि पत्ते वकीलबाईंनी वेगळ्या कागदावर घेतले आहेत. इथे मी ज्याला जे म्हणते तेच लिहिणार.

कलम पहिलं. घर.

राहतं घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, मधली मिक्सिंगची खोली आणि रस्त्याकडचा दुकानाचा गाळा, हे माझे एकुलते एक चिरंजीव यांना मिळावं. ते पूल बांधणारे इंजिनिअर आहेत, आठवड्यातले पाच दिवस साइटवर असतात. त्यांना या घराची गरज नाही, पण घराला कोणीतरी मालक हवा. गाळा भाड्यानं द्यायला हरकत नाही, फक्त फोटो-व्हिडिओवाल्याला देऊ नये. लोक आमच्या जुन्या सवयीनं आत शिरतील आणि भिकार काम घेऊन बाहेर पडतील, हे मला मेल्यावरही चालणार नाही.

मिक्सिंगची खोली मात्र कलम तीनमधली व्यवस्था लागल्याशिवाय कोणाला देऊ नये, रंगवू नये, तिथे पलंग टाकू नये. त्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. ऊन येत नाही म्हणून ती थंड राहते, आणि डब्याला थंडच लागतं. डबा म्हणजे नेटवर्क स्टोरेजचं यंत्र. त्याला सहा खण आहेत, प्रत्येक खणात एक मोठी हार्ड डिस्क, आणि घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून त्यात काय आहे ते बघता येतं. बाकीचे त्याला नॅस म्हणतात. मी डबा म्हणते आणि तो ऐकतो.

कलम दुसरं. ठेव.

बँकेतल्या ठेवीचे तीन सारखे भाग करावेत. एक चिरंजीवांना, एक सूनबाईला, तिच्या एकटीच्या नावावर. तिसरा भाग डब्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवावा. त्यातून डिस्क, पंखा, वायरी आणि वीज गेल्यावर डबा नीट बंद होईपर्यंत चालवणारी बॅटरी एवढंच घ्यावं. त्यातून कोणी सोफा घेतला तर मी त्या सोफ्यावर येऊन बसेन.

दागिने थोडेच आहेत, ते सूनबाईला. तिनं घालावेत अशी अपेक्षा नाही. तिला आवडत नाहीत, मलाही कधी आवडले नाहीत.

कलम तिसरं. शूटिंग.

हे मृत्युपत्र मी या कलमासाठी करते आहे. बाकीची कलमं नसती तरी चाललं असतं.

आमच्या दुकानाचं काम दोन तऱ्हेचं शिल्लक आहे. एक, तयार सिनेमे, म्हणजे लग्न, वाढदिवस, शाळेचे कार्यक्रम, निरोपसमारंभ, जे कापून, गाणं चढवून गिऱ्हाइकाला दिले. ते सगळे मिळून चार टेराबाइट. दुसरं, कच्चं शूटिंग, म्हणजे कॅमेरा चालू केल्यापासून बंद करेपर्यंत जे जे आलं ते सगळं. ते एकेचाळीस टेराबाइट. ही एवढी जागा कशानं खाल्ली, असं ज्याला वाटेल त्यानं पंचवीस वर्षं दर आठवड्याला दोन समारंभ शूट करून दाखवावेत.

चिरंजीवांचं म्हणणं असं, की तयार सिनेमे ठेवावेत, इंटरनेटवर कुठेतरी चढवावेत, आणि कच्चं पुसून टाकावं. म्हणजे डबाही नको, खोलीही नको, विजेचं बिलही नको. ते गेल्या वर्षी एकदा समोर बसून म्हणाले आणि एकदा फोनवर. हिशेबी माणूस आहे, बोलण्यात चूक सापडत नाही. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं आणि कारण सांगितलं नाही. ते इथे सांगते.

आमचे हे कॅमेरामन होते आणि मी मिक्सिंगवाली. आमच्या धंद्यात कॅमेरामन चित्रात कधी नसतो. ह्यांचे फोटो माझ्याकडे चार आहेत, चारही ओळखपत्रांसाठी काढलेले, चारही चोरासारखे आलेले. पण हे बोलायचे फार. कॅमेरा खांद्यावर चढला की ह्यांच्या तोंडाला कुलूप नसायचं. "मान वर करा, लग्न तुमचंच आहे." "नवरदेव, हसा, अजून वेळ गेलेली नाही." "हलू नका, हललात तर तुम्हीच नाही दिसणार." कॅमेऱ्याचा माईक ह्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, त्यामुळे सगळ्यांत स्पष्ट आवाज ह्यांचाच यायचा. नवरीच्या आईचं रडणं पुसट आणि हे ढणढणीत. तो आवाज कापणं हेच माझं निम्मं काम होतं. जिथे हे बोलले तिथे मी गाणं चढवलं. दोन हजारांवर सिनेमे आम्ही लोकांना दिले, त्यांतल्या एकातही ह्यांचा शब्द नाही, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान होता.

हे गेल्याला पंधरा वर्षं झाली. ह्यांचा आवाज आता फक्त कच्च्या शूटिंगमध्ये आहे. मी तो ऐकत बसते असं कोणी समजू नये. वर्षातून दोनदा ऐकते, तेवढ्यानं भागतं. पण तो आहे आणि लावला तर लागेल, एवढं मला रोज लागतं.

म्हणून ठरवते ते असं : डबा, त्यातल्या सहाही डिस्क, सुट्ट्या तीन डिस्क आणि त्यांत असलेलं कच्चं व तयार सगळं शूटिंग यांची मालकी सूनबाईची. घर ज्याच्या नावावर त्याचा डब्यावर हक्क नाही. कच्चं शूटिंग पुसू नये. जागा कमी पडली तर डिस्क मोठी घ्यावी, शूटिंग लहान करू नये.

कलम चौथं. भाऊजी आणि पहिला डबा.

ह्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, यांचं आमच्याच गल्लीत विजेच्या आणि कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. गेली चार वर्षं मी त्यांच्याशी बोलत नाही. मी त्यांच्या दुकानातून बल्बसुद्धा घेत नाही, दोन गल्ल्या पलीकडे जाते, गुडघे दुखत असताना. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की भाऊजींनी वहिनीला भंगार डिस्क विकल्या आणि वहिनीचं शूटिंग बुडवलं. हे मीच सांगितलेलं आहे. आता खरं काय ते लिहिते.

सात वर्षांपूर्वी माझ्याकडे शूटिंग कपाटभर कॅसेटींत आणि बुटांच्या खोक्यांत ठेवलेल्या सुट्ट्या डिस्कवर होतं. पहिला डबा घ्यायचं ठरलं, चार खणांचा. भाऊजी म्हणाले, दोन आता देतो, दोन पुढच्या महिन्यात दुसरीकडून मागवतो. मी ऐकलं नाही. कॅसेटच्या काळात आमचा नियम होता : एका लग्नाला लागणाऱ्या सगळ्या कॅसेटी एकाच बॅचच्या घ्यायच्या. बॅच बदलली की रंग बदलतो, स्टेजवर हिरवी असलेली साडी जेवणाच्या पंगतीत निळी होते, आणि गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं. वीस वर्षं हा नियम पाळला होता. मी भाऊजींना म्हटलं, "चारही एकाच बॅचच्या द्या, नंबर लागोपाठ असले तर फारच छान."

त्यांनी एकाच खोक्यातल्या चार काढून दिल्या. नंबर लागोपाठ. मी खूश.

चित्राचा रंग कॅसेटच्या बॅचवर असतो, डिस्कच्या नसतो. डिस्कच्या बॅचवर तिचं मरण असतं. एका दिवशी, एका कारखान्यात, एका चुकीसकट बनलेल्या चार डिस्क, एका डब्यात, एकाच गरमीत, तेवढेच तास चाललेल्या. तिसऱ्या वर्षी पहिली गेली. डब्याला एक गेलेली चालते. नवी घालायची, आणि तो उरलेल्या तिघींवरून तिच्यातला माल परत लिहून काढतो. पण त्या डिस्क चोवीस तास चालायला बनवलेल्याच नव्हत्या, आणि त्यांची लिहायची पद्धत भलतीच मंद होती, तिच्याबद्दल पुढच्या कलमात. हे लिहून काढणं नऊ दिवस चालणार होतं. सहाव्या दिवशी दुसरी गेली, आणि तिच्याबरोबर सगळा डबा.

जुन्या वर्षांच्या कॅसेटी कपाटात होत्या, मधल्या वर्षांच्या सुट्ट्या डिस्क खोक्यांत होत्या. फक्त दोन वर्षांच्या सुट्ट्या डिस्क मी रिकाम्या करून दुसऱ्या कामाला लावल्या होत्या, का, तर डब्यात आहेच की. ती दोन वर्षं गेली. डिस्क दुरुस्त करणाऱ्यानं उघडून दाखवलं, आतल्या तबकड्यांवर चरे पडले होते. त्यानं हात टेकले.

भाऊजींची चूक एवढीच, की त्यांनी वहिनीचं ऐकलं. ते चार वर्षांत एकदाही कोणाला म्हणाले नाहीत की बॅचचा हट्ट तिचा होता. मी असते तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं. या कलमाद्वारे मी त्यांची माफी मागते, आणि आमचं मोठं शिलाई मशीन, जे त्यांच्या बायकोला वीस वर्षं हवं आहे आणि मी मुद्दाम देत नाही, ते त्यांना द्यावं.

कलम पाचवं. डिस्क कशा घ्याव्यात.

सूनबाई एका दवाखान्यात एक्स-रे काढते. सून लेकीसारखी वगैरे म्हणायची माझी पद्धत नाही. ती सुनेसारखी आहे, आणि आमचं दोघींचं भांडण तीन विषयांवर कायम आहे. पण पहिला डबा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावरून परस्पर इकडे आली, चपला काढून सरळ या खोलीत शिरली आणि जमिनीवर बसून म्हणाली, "आई, आमच्याकडे माणसाचं मोडलेलं हाड वर्षानुवर्षं जपून ठेवतात. तुमच्याकडे तर माणसं बोलतायत. ही अशी ठेवायची असतात का?" मला राग आला आणि पटलंही.

मग आम्ही तीन रविवार स्वयंपाकघरात कागद पसरून बसलो. त्या तीन रविवारांत जे ठरलं ते पुढेही पाळावं. ते सूनबाईला पाठ आहे, पण ती कंटाळली किंवा दुसऱ्या कोणाला काम द्यायची वेळ आली तर लिहिलेलं असावं.

डिस्क विकत घेताना आधी हे विचारावं की ती नेटवर्कच्या डब्यासाठी, रात्रंदिवस चालायला बनवलेली आहे का. नुसतं "चालेल हो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. मग तिची लिहायची पद्धत विचारावी. काही डिस्कमध्ये लिहायच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्यानं जागा जास्त मावते, वाचायला काही अडत नाही, पण मधलं एक कौल बदलायचं झालं तर पुढची कितीतरी उचलावी लागतात. असली डिस्क डब्यात घातली तर डबा दुरुस्त होता होता मरतो. आमचा तसाच मेला. खोक्यावर हे नेहमी लिहिलेलं नसतं, कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावं लागतं, आणि दुकानदाराला माहीत नसतं. त्याला माहीत आहे असं वाटलं तरी शोधावं.

किती मोठ्या घ्याव्यात यावर आमचं बरंच वाजलं. माझं म्हणणं, लहान लहान बारा घ्याव्यात, एक गेली तर थोडकंच जाईल. तिचं म्हणणं, बारा म्हणजे बारा मोटरी, बारांची गरमी, बारांची कुरकुर, आणि बारांतली एक कायम आजारी. तिचं बरोबर होतं. सोळा-सोळा टेराबाइटच्या सहा घेतल्या. पण डिस्क जेवढी मोठी तेवढी ती परत लिहून काढायला वेळ जास्त, आणि तेवढ्यात दुसरी जाऊ शकते हे मी पाहिलेलं आहे. म्हणून डबा असा लावला की दोन गेल्या तरी आतलं जागच्या जागी राहतं. त्यामुळे दोन डिस्कची जागा उगाच जाते असं चिरंजीव म्हणाले होते. पुलाला लागतं त्यापेक्षा जास्त लोखंड का घालता, असं मी त्यांना विचारलं.

सहांपैकी तीन एका दुकानातून, तीन दुसऱ्या गावातून, मध्ये दोन महिने जाऊ देऊन. बॅच वेगवेगळ्या. हे लिहिताना माझा हात अजून जड होतो. प्रत्येक डिस्क आल्यावर ती आतापर्यंत किती तास फिरली आहे ते बघावं. एक "कोरी करकरीत" डिस्क एकोणीस हजार तास फिरलेली निघाली. सूनबाईनं ती परत नेऊन दुकानदाराच्या टेबलावर ठेवली आणि त्याला आकडा मोठ्यानं वाचायला लावला, बाकीची गिऱ्हाइकं उभी असताना. नवी असली तरी तिच्यावर आठवडाभर काठोकाठ लिहावं आणि परत वाचून बघावं, मगच तिच्यावर विश्वास टाकावा. ज्या मरायच्या असतात त्यांतल्या बऱ्याच या आठवड्यातच मरतात, आणि तेव्हा मेलेल्या परवडतात. हमी पाच वर्षांची बघून घ्यावी, पण हमीत डिस्क बदलून मिळते, शूटिंग बदलून मिळत नाही.

मोठ्या डिस्क गुरगुरतात. डब्याखाली रबराची चटई घातली आहे, ती काढू नये. आवाजाची तक्रार कोणी करू नये, कुरकुर न करता काम करणारं या घरात आजवर कोणी झालेलं नाही.

आणि डबा आहे म्हणजे दुसरी प्रत आहे असं समजू नये. डब्यातून कोणी हातानं पुसलं तर सहाही ठिकाणचं पुसलं जातं, तो विचारत नाही का म्हणून. दुसरी प्रत अठरा टेराबाइटच्या तीन सुट्ट्या डिस्कवर सूनबाईच्या घरी, कपड्यांच्या कपाटात वरच्या खणात आहे. ती दर सहा महिन्यांनी इकडे आणून ताजी करावी. दर पाच वर्षांनी, डिस्क चालत असली तरी, बदलावी. चालतेय ना, मग राहू दे, हे वाक्य या कामात बोलू नये.

मी सूनबाईला का निवडलं याचं आणखी एक कारण लिहिते. ती या घरात आली तेव्हा हे जाऊन चार वर्षं झाली होती. तिनं ह्यांना पाहिलेलं नाही. मागच्या वर्षी मी हाताचा एक्स-रे काढायला तिच्या दवाखान्यात गेले. बाहेर बाकावर बसले होते, आत ती एका म्हाताऱ्या माणसाला सांगत होती, "हलू नका, हललात तर तुम्हीच नाही दिसणार." शब्द ह्यांचे, आणि थांबण्याची जागाही ह्यांची. डबा लावताना तिनं कच्चं शूटिंग तासन् तास तपासलं होतं, त्यातून ते तिच्या तोंडात बसलं असणार. त्या आठवड्यात वकीलबाईंना फोन केला.

कलम सहावं. सामान आणि राहिलेले राग.

खांद्यावरचा मोठा कॅमेरा चालत नाही. तो कोणाला शोभेसाठी देऊ नये, त्याच्यावर कुंडी ठेवतात. तो भंगारात द्यावा. हेडफोन सूनबाईला, कानावरच्या गाद्या बदलून घ्याव्यात. दिव्यांचे स्टँड आमच्या गल्लीतल्या चष्मेवाल्यांना, त्यांना दुकानाच्या पाटीसाठी हवे आहेत.

मोठ्या सभागृहाच्या मॅनेजरनं कार्यक्रम संपायच्या आत दिवे घालवून माझी अकरा लग्नं काळी केली. वकीलबाई म्हणतात मृत्युपत्रात माफ केलेलं चांगलं दिसतं. मी त्याला माफ करत नाही.

कलम सातवं. ज्यांना पुसून हवं असेल.

ज्यांचं लग्न मोडलं, किंवा ज्यांना स्वतःला त्या चित्रात बघवत नाही, अशांपैकी कोणी स्वतः येऊन आमचं पुसा म्हणालं, तर त्यांचं पुसावं, तयार आणि कच्चं दोन्ही, दोन्ही प्रतींतून. एका शिक्षिकेचं मी तसं पुसलं आहे, ती शेजारी बसलेली असताना. चित्र त्यांचं आहे. आणि दुसऱ्या कोणाचं शूटिंग तिसऱ्याला मजा म्हणून दाखवू नये. ज्या घरचं त्या घरच्यांना मागितल्यावर विनामूल्य द्यावं. गेलेल्या माणसाचं मागायला लोक येतात तेव्हा त्यांना आधी बसायला सांगावं.

कलम आठवं. बुडालेल्या दोन वर्षांतलं एक शूटिंग.

हे कलम मी तीनदा खोडलं आहे. आता खोडणार नाही.

माझा मुलगा बावीस वर्षांचा असताना त्यानं या धंद्यात यायला नाही म्हटलं. त्याला पूल बांधायचे होते. ह्यांनी आकांडतांडव केलं. दुकानाच्या पायरीवर उभं राहून, गल्ली ऐकेल एवढ्या आवाजात, जातोस तर परत ही पायरी चढू नकोस म्हणाले. तो गेला आणि चढला नाही. त्यानंतर चार वर्षं दोघांचं बोलणं माझ्यामार्फत व्हायचं, तब्येत कशी आहे, बरी आहे, एवढंच. मग हे गेले, अचानक, दुपारचे दुकानात बसलेले असताना. तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. आपण बापाला दुखवलं आणि बाप तसाच गेला, हे त्यानं मनात धरलं. मला ते कळत होतं. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, पण दुकानाच्या पायरीवरून तो अजून जात नाही, मागच्या दारानं येतो. एकेचाळीस वर्षांचा माणूस.

हे जायच्या आठ महिने आधी आम्ही एका मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग केलं होतं. ह्यांनी कॅमेरा तिकाटण्यावर लावून चालू ठेवला होता, समोर रिकामं स्टेज, दोन खुर्च्या, माणूस कोणी नाही. शेजारी कार्यालयाचे माईकवाले उभे होते. त्यांनी विचारलं, पोरगा नाही येत हल्ली हाताशी? हे काय बोलले ते मी दुसऱ्या दिवशी मिक्सिंगला बसल्यावर हेडफोनमधून ऐकलं. हे म्हणाले :

"तो नाही यायचा. पूल बांधतोय. बरं झालं गेला. मला माझ्या बापानं दुकानात बसवलं तेव्हा मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. यानं माझ्या तोंडावर म्हटलं. माझ्यापेक्षा बरा निघाला. घरी सांगू नका हं, शेफारेल."

मी ते कापलं. रिकामं स्टेज सिनेमात कोण ठेवतं? पण कच्चं ठेवलं, आणि ते कुठे आहे हे मला मिनिटासकट पाठ होतं.

त्याला सांगितलं नाही. पहिल्यांदा नाही सांगितलं कारण मीही त्याच्यावर रागावले होते. ह्यांनी राग सोडून दिला आणि मला एकटीला रागात ठेवलं, असं वाटलं. हे गेल्यावर नाही सांगितलं, कारण तेव्हा घरात माणसं होती. मग ठरवलं, त्याच्या लग्नात देईन, ह्यांच्याच आवाजात ऐकवीन. त्यानं लग्नात कॅमेरा येऊ दिला नाही. मिक्सिंगवालीच्या मुलाच्या लग्नाचं शूटिंग नाही! मी रुसले आणि ते पुन्हा ठेवून दिलं. ठेवलेलं आहे, कुठे जातंय, असं मला वाटायचं. माईकवालेही मध्ये वारले. चार वर्षांपूर्वी डबा गेला, त्यात गेलेली दोन वर्षं म्हणजे हीच.

भाऊजींवर माझा एवढा राग का होता ते आता कळेल. माझा स्वतःवरचा राग कुठेतरी ठेवायला जागा हवी होती.

हे कलम इथवर मी काल लिहिलं. मी गेल्यावर त्यानं ते वाचावं असा बेत होता. आज सकाळी वाचून बघितलं आणि वाटलं, पंधरा वर्षं चोरलं, आणखी किती? चार वाजता त्याला साइटवर फोन लावला. मागे मशिनांचा आवाज होता. मी म्हटलं, बाजूला जाऊन उभा राहा, एक वाचून दाखवायचंय. मग ह्यांचं बोलणं वाचलं.

तो म्हणाला, "परत वाच."

मी परत वाचलं.

"असं नको," तो म्हणाला. "बाबा म्हणाले तसं म्हण."

पंचवीस वर्षं मी तो आवाज कापला आहे. कुठे चढतो, कुठे अडतो, कुठल्या शब्दाआधी हे नाकानं हसतात, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? मी कागद खाली ठेवला आणि ह्यांच्यासारखं म्हटलं, "हं, शेफारेल" पर्यंत.

मी फोन ठेवला नाही. माझं काय व्हायचं ते झालं, ते इथे लिहीत नाही.

मग त्यानं विचारलं, "आई, बाकीचं सगळं आहे ना नीट?"

"आहे," मी म्हटलं.

कलम तीनमध्ये यामुळे काही बदल नाही. डबा सूनबाईचाच. मुलाला ऐकायचं असेल तेव्हा तिनं लावून द्यावं.

वर लिहिलेलं सगळं वकीलबाईंनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. आठव्या कलमापाशी त्या थांबल्या आणि हे काढायचं का म्हणाल्या. मी नाही म्हटलं. सर्व मजकूर मला मान्य आहे, माझा आहे, आणि त्याच्या प्रत्येक पानावर मी सही केली आहे. अंमल करण्याचं काम वकीलबाईंकडे.

स्थळ : मिक्सिंगची खोली, खिडकीजवळचं टेबल.
तारीख : महिन्याची सतरा, वार गुरुवार, संध्याकाळचे सहा.

लिहून ठेवणार : (सही) मिक्सिंगवाली

आमच्या समक्ष सही झाली. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही.

साक्षीदार एक : (सही) डॉक्टरीणबाई
साक्षीदार दोन : (सही) वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर

चष्मेवाले साक्षीला तयार होते, पण त्यांना दिव्यांचे स्टँड मिळायचे आहेत म्हणून वकीलबाईंनी त्यांना बाहेर बसवलं. चिरंजीव साडेपाचला येऊन पोचले होते. दुकानाच्या दारानं आले.